खिशातलं पातं, खांद्यावरची कुऱ्हाड

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकातून चंद्रपूरकडे, सिरोंच्याकडे आणि भामरागडकडे रस्ते फुटतात. या रस्त्यांवर चालणाऱ्या माणसांजवळ धारेचं काही ना काही असतंच. माडिया आदिवासी माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, गवताला निघालेल्या बाईच्या कमरेला विळा खोचलेला असतो, बांबू फोडणाऱ्याच्या हातात कोयता असतो. अशा मुलखात एखाद्यानं बोटभर घडीचा चाकू खिशात ठेवायचं म्हटलं, तर वाद व्हायचं कारण काय? पण तो होतो, आणि झालाही पाहिजे, असं माझं मत आहे. म्हणून तो इथे सविस्तर मांडतो. बोलणारी दोन माणसं मी मनानं उभी केली आहेत. एक निवृत्त वनपाल, ज्यांची सगळी नोकरी आलापल्लीच्या जंगलात गेली. दुसरी त्यांची भाची, नुकतीच वनरक्षक म्हणून रुजू झालेली.

भाची : मामाजी, मला एक छोटा घडीचा चाकू घ्यायचा आहे. रोज खिशात राहील असा, पाचशे रुपयांच्या आतला.

मामाजी : काहून? बीटवर कोयता असतो, घरी विळी आहे. मधल्या वेळात तुला कापायचं तरी काय?

भाची : लागवडीच्या दिवसाचंच सांगते. रोपवाटिकेतून रोपं पॉलिथीनच्या पिशवीत येतात. पिशवी हातानं ओढून फाडली की मातीचा गोळा फुटतो, मुळं उघडी पडतात आणि रोप मान टाकतं. बाजूनं एक बारीक चीर दिली तर पिशवी अलगद निघते. आपल्या मजूर बाया दाढीच्या पात्याचा तुकडा बोटात धरून हे काम करतात. संध्याकाळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसते. शिवाय खताच्या गोणीची शिवण असते, सुतळी असते, दुपारच्या डब्यातला कांदा असतो. कोयत्यानं यातलं काय होणार?

मामाजी : पिशवीचं मान्य. पण सागाच्या जड्या? वर्षाचं रोप उपटायचं, खोड बोटाच्या पेराएवढं ठेवायचं, सोटमूळ वीतभर ठेवायचं आणि बाकीचं छाटून टाकायचं. तो घाव एकदाच आणि स्वच्छ बसला पाहिजे. मूळ चेंगरलं तर कुजतं. घडीच्या चाकूनं जड्या तयार करायला बसशील तर दहाव्या जडीला बिजागरी हलायला लागेल.

भाची : जड्यांसाठी मी तो वापरणारच नाही. त्याला जड पात्याचा, घडी नसलेला चाकू लागतो, हे मला माहीत आहे.

मामाजी : आणि फासाचं काय? पायी गस्तीवर तुला खरोखर सापडेल तो रानडुकरा-चितळांसाठी लावलेला फास. मोटारसायकलच्या क्लच वायरचा असतो. त्यावर चाकू घासत बसलीस तर पातं जाईल, वायर तशीच राहील. तिथं पक्कड लागते. आणि जमिनीलगत खुंट्यांवर तार ओढलेली दिसली तर चाकू नको आणि पक्कडही नको. तीत वीज सोडलेली असू शकते. मागं सरायचं, बाकीच्यांना थांबवायचं, वीज कंपनीला लाईन बंद करायला सांगायचं. मग पुढं जायचं.

भाची : पक्कड माझ्या पाठपिशवीत असतेच. चाकू आणि पक्कड एकत्र असलेली ती हत्यारं मी दुकानात पाहिली. स्वस्तातल्या पकडीचे जबडे एकमेकांवर नीट बसत नाहीत, वायर मधूनच निसटते. त्यापेक्षा दोन्ही वेगळी घेतलेली बरी.

इथपर्यंत मामाजी फक्त कामाचं बोलत होते. त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो.

मामाजी : माझं म्हणणं ऐक. माडिया माणूस कुऱ्हाड खांद्यावर घेऊन गावात येतो. लहान पोरगंही तिच्याकडं पाहून दचकत नाही, कारण ती सगळ्यांना दिसते आणि ती कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. खिशातला चाकू कुणाला दिसत नाही. तो एकदम बाहेर येतो. आपल्या जिल्ह्यात माणसांनी पुष्कळ भीती भोगलीय. नाक्यावर झडती, बसमध्ये झडती. अशा जागी खिशातून पातं निघालं की समोरच्याला ते पिशवी फाडायचं आहे हे कसं कळणार?

भाची : मग मी काय कमरेला उघडी सुरी लावून फिरू? मोटारसायकलवर मागं बसायचं असतं, उतारावर घसरायचं असतं, अंगणवाडीत जाऊन पोरांना वणव्याबद्दल सांगायचं असतं. उघड्या पात्यापेक्षा मिटलेलं पातं सगळ्यांनाच सुरक्षित. आणि लपवायचं म्हणाल, तर आपल्याकडं चंचीत अडकित्ता असायचाच की. आजीच्या कनवटीला चुन्याची डबी, सुपारी आणि अडकित्ता. तीही घडीची धारच होती, तिला कुणी भ्यायलं नाही.

मामाजी : अडकित्त्याला टोक नसतं, पोरी.

भाची : मग टोक नसलेला घेते.

भाचीचं हे उत्तर हजरजबाबी वाटेल, पण चाकू निवडण्याच्या दृष्टीनं ते फार मोलाचं आहे. आपण दुकानात जातो तेव्हा पाहतो टोकाकडे, कारण टोक डोळ्यात भरतं. रोजच्या कामात टोकाचा उपयोग अगदी थोडा असतो. पिशवी चिरायला, सुतळी तोडायला, फळ कापायला लागते ती सरळ धार. कृषी सेवा केंद्रात कलमं करण्यासाठी घडीचे चाकू मिळतात. त्यात सरळ पात्याचे, बोथट टोकाचेही असतात, किंमतही परवडण्याजोगी असते. आलापल्लीसारख्या गावातल्या माणसानं सुरुवात तिथून करावी, असं मला वाटतं. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. यातल्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूनं धार दिलेली असते. फांदीचा काप सपाट यावा म्हणून ते बरोबर आहे, पण आंबा किंवा काकडी कापताना पातं एका अंगाला पळतं. डावखुऱ्या माणसानं तर धारेची बाजू पाहूनच घ्यावा.

भाची : आणि कुणी म्हणेल की एकटी बाई जंगलात फिरते, जवळ चाकू असलेला बरा.

मामाजी : ते डोक्यातून काढून टाक. अस्वल अंगावर आलं तर तीन इंची पात्यानं तू काय करणार? वाघाचं तर बोलूच नको. तुझं संरक्षण म्हणजे सोबतचा माणूस, हातातली काठी, मोठ्यानं बोलत चालणं आणि पहाटे-सांजेला दाट झुडपात न शिरणं. माणसापासून भीती असेल तरी चाकू काढू नको. झटापटीत तो कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.

भाची : हे मला पूर्ण पटतं.

मामाजी : अजून एक. साप चावला की लोक चाकू शोधतात. जखमेवर चीर देऊन विष काढायचं म्हणतात. कुणी तुझ्याकडं चाकू मागितला तर देऊ नको. चीर दिल्यानं विष निघत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो, आणि घोणस चावलेल्या माणसाचं रक्त आधीच गोठत नसतं. त्याला हातपाय हलवू न देता सरळ अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. सापाच्या विषावरचं औषध दवाखान्यातच मिळतं.

यानंतर दोघं कायद्याकडे वळले. इथे भाचीची तयारी मामाजींपेक्षा चांगली होती. खिशात चाकू ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून तिचं बोलणं मी जवळजवळ पूर्ण देतो.

भाची : शस्त्र नियम, २०१६ मध्ये ज्या धारदार हत्यारांची यादी आहे, त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे माझा तीन इंची चाकू त्या यादीच्या जवळपासही नाही. पण एवढ्यानं निश्चिंत होता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. निवडणूक, सण, मोर्चा अशा वेळी जिल्हादंडाधिकारी त्याखाली मनाई आदेश काढतात. त्या काळात काठ्या, भाले, चाकू असं काहीही सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी असते, आणि तिथं पात्याची लांबी कुणी मोजत नाही. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला मी सुट्टीवर जाईन तेव्हा चाकू घरी ठेवूनच जाईन.

मामाजी : आणि अभयारण्यात?

भाची : तिथला नियम तर आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्र म्हणजे काय हे सांगताना बंदूक, धनुष्यबाण, जाळी, फास यांच्यासोबत चाकूचंही नाव घेतलंय. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. म्हणजे चपराळा अभयारण्यात किंवा ताडोब्याच्या सफारीला जाणाऱ्या पर्यटकाच्या खिशात फळ कापायचा चाकू असला, तरी तो कायद्यानं शस्त्रात मोडतो. त्यानं तो मुक्कामाच्या जागीच ठेवावा. मी तिथं कामावर गेले तर वरिष्ठांना सांगून, कामाची नोंद करूनच नेईन.

मामाजी : हे तू नीट वाचलंस, बरं झालं. दिल्लीत तर बटणाच्या आणि गरारीच्या चाकूंवर १९८० मध्येच अधिसूचना निघाली होती. ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचं आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंदीचं पातं असेल तर गुन्हा. सिनेमातला रामपुरी पाहून पोरं तसलाच मागतात. तू बटण दाबून उघडणारा घेऊ नको. नखानं किंवा अंगठ्यानं उघडावा लागणारा घे.

भाची : तेच ठरवलंय. पातं साडेसात सेंटिमीटरच्या आतलं, हातानं उघडायचं.

आता निवड. दोघांचं सगळ्यात जास्त वाजलं ते लॉकवरून. साध्या घडीच्या चाकूत पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबानं पातं उघडं राहतं. पाठीवर जोर पडला की ते मिटतं. लॉकच्या चाकूत एखादी पट्टी, खाच किंवा कडं पात्याला अडवून धरतं, आणि ते सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही.

मामाजी : लॉक नको. लॉक असला की माणूस चाकूला पहार समजतो. टोकानं खुपसतो, उचकटतो, पाठीवर दगड मारून बांबू चिरतो. स्वस्त लॉक अशा वेळीच दगा देतो आणि चारही बोटांवर पातं येतं. बिनलॉकचा चाकू वापरणारा माणूस आपोआप जपून वापरतो, कारण तो मिटेल हे त्याला ठाऊक असतं. त्या प्रसिद्ध स्विस चाकूंतल्या लहान नमुन्यांना कुठं लॉक असतो? कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली, तेव्हापासून लोक ते वापरताहेत आणि त्यांची बोटं शाबूत आहेत.

भाची : ते दोरा आणि सफरचंद कापतात, मामाजी. मी पावसात, चिखलाच्या हातानं गोणी फाडणार आहे. ओला हात पात्याच्या पाठीवर घसरला तर? फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० पासून शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू बनवला. तोही सुरुवातीला बिनलॉकचाच होता. पुढं १९५५ मध्ये त्याला फिरवायचं कडं बसवलं. इतकी वर्षं शेतकऱ्यांनी वापरल्यावरही लॉक जोडावासा वाटला, याला काही कारण असेलच ना?

मामाजी : ती लाकडी मूठ आपल्या पावसात फुगते. मूठ फुगली की पातं आत अडकून बसतं, नखानं निघत नाही. ऐन कामाच्या दिवसांत तो चाकू बंदच राहील.

भाची : म्हणून मी लाकडी मुठीचा घेणार नाही. लॉक मात्र हवा.

मी स्वतः भाचीच्या बाजूनं आहे, पण मामाजींनी सांगितलेल्या अटीवर. स्वस्त चाकूचा लॉक चुकून बसलेली थाप सोसण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर ताकद लावायची नाही. दुकानात घेतानाच तो तपासावा. चाकू पूर्ण उघडावा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवावी आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूच पण ठामपणे दाबावी. लॉक जरा जरी सरकला तर तो चाकू परत ठेवावा. मग पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवावं. नव्या चाकूतच डगडग असेल तर ती पुढे वाढणारच. बिजागरीला रिबिट आहे की स्क्रू, हेही पाहावं. स्क्रू सैल झाला तर घरी आवळता येतो, रिबिट सैल झाला तर ठोकून घट्ट करण्याची कला आता फार थोड्यांकडे उरली आहे. मिटल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण बुडतं ना, हे मुठीवरून बोट फिरवून नव्हे, उजेडात धरून बघावं.

दातेरी धार घेऊ नये. ती दोरीवर छान चालते, पण बोथट झाली की आपल्या घरातल्या सपाट दगडावर तिला धार लागत नाही. पातं जाड असलं म्हणजे चाकू मजबूत, हाही गैरसमज आहे. जाड पातं कांद्यात शिरताना कांदा फोडतं. पातळ पातं कापतं, आणि खिशातल्या चाकूकडून आपल्याला तेवढंच हवं असतं.

भाची : पोलाद कुठलं घेऊ?

मामाजी : लोहाराकडं कमानीच्या पाट्याचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद असतं. त्याच्या धारेला तोड नाही. पण ते गंजतं. कैरी, आवळा, चिंच कापली की काळं पडतं. जून ते सप्टेंबर रोज पुसून तेल लावशील तरच घे.

भाची : गस्तीवरून आल्यावर मी बूटसुद्धा कसेबसे काढते. मला स्टेनलेस बरं.

मामाजी : मग धार लवकर जाईल एवढं धरून चाल. स्वस्त स्टेनलेस मऊ असतं. त्यात आपलं लाकूड सागाचं. सागात निसर्गतःच वाळूचा अंश असतो, सिलिका म्हणतात ती. आरागिरणीच्या पात्यांचीसुद्धा धार ती खाते. बांबूच्या सालीतही तीच. तू चाळा म्हणून सागाची काटकी तासत बसलीस तर संध्याकाळी चाकू लोण्यावरही चालणार नाही.

भाची : मऊ पोलादाचा एक फायदाही आहे, पाट्यावरच्या चार हातांत धार परत येते.

मामाजी : पाट्यावर नको, पाटा खरबरीत. धारेचा दुहेरी दगड घे, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक. पाणी टाकायचं, पातं थोडं तिरपं धरायचं, कोन बदलू द्यायचा नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे. घाई केलीस की कोन गोल होतो आणि चाकू चमकतो पण कापत नाही. आणि बिजागरीत जवसाचं तेल कधी घालू नको.

भाची : का? घरात तेच तर असतं.

मामाजी : जवसाचं तेल हवेत वाळून चिकट होतं. म्हणून तर ते लाकडावर आणि रंगात वापरतात. बिजागरीत गेलं की काही दिवसांत पातं उघडेना. मोहाच्या टोळीचं तेल थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल आण, एक थेंब पुरतो.

या टप्प्यावर मला वाटलं होतं की वाद संपला. पण मामाजींच्या मनात अजून एक गोष्ट होती, आणि आलापल्लीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला ती चाकूच्या गोष्टीत सुचली नसती.

मामाजी : आपलं वनवैभव, म्हणजे आलापल्लीचं जुन्या सागांचं जंगल, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं. तिथं उभं राहून वर पाहिलं की टोपी पडते असे साग आहेत. माझ्या नोकरीत मी खोडांवर कोरलेली नावं किती पाहिली असतील! सगळी खिशातल्या चाकूनं केलेली. कुऱ्हाडीनं कुणी नाव कोरत नाही. साल म्हणजे झाडाची अन्नाची वाट असते. ती कापलीस की तेवढी वाट बंद, आणि उघड्या जागेतून कीड-बुरशी आत शिरते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनातल्या झाडाची साल काढणं, त्याला इजा करणं हा गुन्हाच आहे. तुझ्या खिशात चाकू पाहून उद्या तुझ्यासोबतची पोरं पण घेतील. त्यांना हे कोण सांगणार?

भाची : मीच सांगणार. वनरक्षकाच्या हातात चाकू पाहून पोरं शिकतील तर तो कसा वापरायचा हेही तिच्याकडूनच शिकतील. माझ्याकडं नसलाच तर ती रामपुरीकडूनच शिकतील.

मामाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, मुठीचा रंग कुठला घेणार.

भाची : दुकानदार हिरवा-तपकिरी ठिपक्यांचा दाखवत होता. सैनिकी म्हणत होता.

मामाजी : तो मुळीच नको. सागाची पानगळ सुरू झाली की जमिनीवर सुपाएवढ्या तपकिरी पानांचा थर असतो. त्यात तसला चाकू पडला तर वाकून शोधत बसशील, आणि उद्या तो एखाद्या पोराच्या पायात सापडेल. भगवा घे, नाहीतर लाल. मुठीला भोक असेल तर लाल दोरी बांध आणि दोरीचं टोक खिशाच्या बाहेर राहू दे.

भाची : म्हणजे दिसलं पाहिजे.

मामाजी : दिसलं पाहिजे. नाक्यावर जवानानं विचारायच्या आधी आपणच सांगायचं की खिशात कामाचा चाकू आहे. आणि कुणाला द्यायचा तर मिटून द्यायचा.

भाची : मग पक्कं. भगवी मूठ, साडेसात सेंटिमीटरच्या आतलं सरळ पातं, टोक बोथट, स्क्रूची बिजागरी, स्टेनलेस आणि लॉकचा.

मामाजी : लॉकचं मला अजून पटलेलं नाही.

भाची : शनिवारी चंद्रपूरला जाते आहे. तुमच्यासाठी बिनलॉकचा आणू?

मामाजी : माझ्यासाठी कलमाचा आण, एका बाजूच्या धारेचा. अंगणातल्या गावठी बोरीवर उमराणचा डोळा भरायचा आहे, आणि पाऊस लागला की ते काम थांबत नाही.